चेंडू कितीचा घ्यावा?

शाळांच्या क्रीडास्पर्धा भरवणाऱ्या शिक्षकांना एक आकडा पाठ असतो : ७.२६ किलो. मोठ्या पुरुषांच्या गोळाफेकीतला गोळा एवढ्या वजनाचा असतो. महिलांचा गोळा सरळ ४ किलोचा, मग पुरुषांचाच असा विचित्र का? उत्तर सोपे आहे. एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलो, आणि सोळा पौंडांचे होतात ७.२६ किलो. मापे बदलली, गोळा तोच राहिला.

हाच सोळा पौंडांचा आकडा दुसऱ्या एका खेळात वरची मर्यादा म्हणून येतो. तो खेळ म्हणजे बोलिंग. आपल्याकडे बोलिंग म्हटले की मुले चार पावले धावून हात फिरवून दाखवतात. ते बोलिंग नव्हे. गुळगुळीत लाकडी किंवा तशाच दिसणाऱ्या पट्ट्यावरून एक मोठा चेंडू गडगडत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना पाडायच्या, असा हा खेळ. एकेकाळी हडपसर म्हणजे भाजीपाल्याचे मळे आणि सोलापूर रस्त्यावरची वर्दळ. आता तिकडे मॉल उभे राहिले आहेत, आणि मॉलबरोबर हा खेळही आला. शाळांच्या सहली हल्ली तिथे थांबतात. सहलीने मॉलमध्ये जावे की नाही, याबद्दल आमचे मत वेगळे आहे, पण गेलेच आहोत तर तिथले पदार्थविज्ञान तरी फुकट घेऊन यावे.

तिथल्या मांडणीवर रंगीबेरंगी चेंडू ठेवलेले असतात. आकार सगळ्यांचा जवळजवळ एकच, व्यास साधारण २१.६ सेंटिमीटर. प्रत्येकावर मात्र एक आकडा असतो : ६, ८, १०, १२, १४, १६. हे वजन पौंडांत. म्हणजे सर्वांत हलका २.७ किलोचा आणि सर्वांत जड ७.२६ किलोचा. मुले मांडणीसमोर उभी राहिली की दोन तट पडतात. दांडगी मुले सोळाच्या चेंडूकडे धावतात. किरकोळ मुलांना, आणि बहुतेक वेळा सर्व मुलींना, कोणीतरी मोठे माणूस न विचारताच सहाचा चेंडू हातात देते. दोन्हींमागे काही हिशेब नसतो. तो हिशेब काय असू शकेल, ते पाहू.

आधी एक कोडे

मुलांना विचारण्यासारखा एक प्रश्न आधीच सांगून टाकतो. बोलिंगचा चेंडू पाण्यात टाकला तर तरंगेल की बुडेल? वर्गातली सगळी मुले एका सुरात 'बुडेल' म्हणतील. आता व्यास २१.६ सेंटिमीटर धरून गोलाचे घनफळ काढायला सांगा. ते जवळजवळ ५.३ लीटर येते. म्हणजे एवढ्या आकाराच्या पाण्याचे वजन ५.३ किलो. अकराचा चेंडू भरतो ५ किलो, म्हणून तो आणि त्याहून हलके सगळे चेंडू तरंगतात. तेराचा भरतो ५.९ किलो, तो बुडतो. बाराचा, म्हणजे ५.४४ किलोचा, अगदी काठावर असतो. व्यासात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी निकाल बदलू शकतो. आठवीच्या गणितातल्या घनफळाला आणि विज्ञानातल्या आर्किमिडीजला एकाच वेळी कामाला लावणारे इतके चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

यावरून एक गोष्ट मनात पक्की ठेवू : हे चेंडू बाहेरून सारखे आणि आतून वेगळे आहेत. बदलते ते फक्त वस्तुमान. वजनाचा खेळावर काय परिणाम होतो हे तपासायला अशी सोय प्रयोगशाळेतही सहज मिळत नाही.

पिनेला चेंडू भिडतो तेव्हा

एका पिनेचे वजन साधारण १.६ किलो, उंची ३८ सेंटिमीटर. चेंडू सोडण्याच्या रेषेपासून पहिली पीन ६० फुटांवर, म्हणजे १८.३ मीटरवर असते. चेंडू पिनेवर समोरासमोर आदळला तर काय होईल?

संवेग अक्षय्य राहतो, आणि टक्कर पूर्ण स्थितिस्थापक मानली तर गतिज ऊर्जाही अक्षय्य राहते. (प्रत्यक्षात थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते. तो कडकडाट म्हणजे तीच. आपल्या तुलनेला त्याने बाध येत नाही.) या दोन नियमांवरून येणारी सूत्रे नववी-दहावीच्या मुलांना काढता येतात. टकरीनंतर चेंडूचा वेग काढायचा तर दोन्ही वस्तुमानांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागा आणि चेंडूच्या आधीच्या वेगाने गुणा. पिनेचा वेग काढायचा तर चेंडूच्या वस्तुमानाच्या दुपटीला त्याच बेरजेने भागा आणि चेंडूच्या आधीच्या वेगाने गुणा.

आता आकडे घालू. सोळाचा चेंडू आदळला तर पीन चेंडूच्या वेगाच्या १.६४ पट वेगाने उडते. सहाचा आदळला तर १.२६ पट. चेंडूचे वजन पावणेतीन पटींच्या आसपास वाढले, पण पिनेचा वेग वाढला तो फक्त तीस टक्के! जड चेंडू पिनेला फार जोरात उडवतो, ही आपली समजूत निम्मीच खरी आहे.

खरा फरक पडतो तो चेंडूचे स्वतःचे काय होते त्यात. सोळाचा चेंडू टकरीनंतरही आपल्या वेगाचा ६४ टक्के भाग राखून पुढे जातो. आठच्या चेंडूकडे ३९ टक्के उरतो. सहाच्याकडे २६ टक्के. जड चेंडू पिनेला ढकलून पुढच्या कामाला लागतो. हलका एका पिनेतच दमतो.

हे सर्व समोरासमोरच्या टकरीत. चेंडू पिनेच्या बाजूला लागला तर तो आपल्या वाटेवरून वळतो. किती वळू शकतो यालाही एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा फक्त वस्तुमानांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. पिनेचे वस्तुमान भागिले चेंडूचे वस्तुमान, ही संख्या ज्या कोनाची ज्या (साइन) असेल, तो सर्वांत मोठा कोन. सोळाच्या चेंडूसाठी तो सुमारे १३ अंश, आठच्यासाठी २६ अंश, सहाच्यासाठी ३६ अंश. वेगाचा या कोनाशी काही संबंध नाही. हलका चेंडू कितीही जोरात सोडला तरी पिनेने दाखवलेल्या बाजूला तो वळणारच.

कॅरम खेळणाऱ्यांना हे नवीन नाही. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा आणि सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची असते. सोंगटी आणि स्ट्रायकर यांच्या वजनाचे गुणोत्तर काढा आणि पीन व दहाचा चेंडू यांचे काढा : दोन्ही ०.३५ च्या आसपास येतात. म्हणजे दहाचा चेंडू पिनेला लागून कसा वागेल हे पाहायचे तर हडपसरला जायलाच हवे असे नाही; गल्लीच्या तोंडाशी मांडलेला कॅरमबोर्डही पुरतो. स्ट्रायकर हलका झाला की तो सोंगटीला लागून भलतीकडे जातो, हे चांगला खेळाडू हाताने जाणतो. सूत्र त्याला ठाऊक नसते एवढेच.

वळण्याला एवढे महत्त्व का? कारण दहाच्या दहा पिना चेंडू स्वतः पाडत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्या कसलेल्या खेळाडूचा चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत शिरतो आणि एकूण चारच पिनांना शिवतो : पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. पहिली पीन दुसरीला, दुसरी चौथीला, चौथी सातवीला पाडते. तिसरी सहावीला आणि सहावी दहावीला. पाचवी आठवीला. म्हणजे चेंडूला पहिल्या दोन टकरींनंतरही पाचवीपर्यंत पोचायचे असते. हलका चेंडू तिथवर पोचण्याआधीच बाजूला निसटतो, आणि मधली पाचवी पीन उभीच राहते. घरी गेल्यावर मुले सांगतात, 'मधलीच पडत नव्हती!' त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर असते.

उलट, शेवटी एकच पीन उरली असेल तर? तिला पाडल्यावर चेंडू कुठे जातो याचे कोणालाच सोयरसुतक नसते. तेव्हा सहाचा आणि सोळाचा चेंडू जवळजवळ सारखेच कामाचे. त्या एका फेकीपुरते वजनापेक्षा नेम मोठा.

मग सर्वांनी सोळाचाच का घेऊ नये?

इथपर्यंत आपण एक गोष्ट गृहीत धरली : चेंडू हलका असो की जड, वेग तोच. हाताने सोडताना ते खरे असते का?

गंमत अशी की, नीट खेळले तर बऱ्याच अंशी खरे असते. बोलिंगमध्ये चेंडू ढकलायचा नसतो, झुलवायचा असतो. हात खांद्यापासून सैल सोडला की हात आणि चेंडू मिळून एक लंबक तयार होतो. लंबकाचा वेग त्याच्या वस्तुमानावर अवलंबून नसतो. तो किती उंचीवरून खाली आला यावर असतो. चेंडू मागे पाऊण मीटर उंच गेला आणि सैल सोडला, तर खाली येताना त्याचा वेग सेकंदाला ३.८ मीटर होतो, मग तो सहाचा असो की सोळाचा. त्यात चालत येण्याचा दीड-दोन मीटरचा वेग मिळाला की झाले साडेपाच. म्हणूनच या खेळातले जाणकार 'सांभाळता येईल तेवढा जड' असे सांगतात.

सगळी मेख 'सांभाळता येईल' या शब्दांत आहे. लंबकाचा गोळा दोरीला लटकलेला असतो. इथे तो दोन बोटे आणि अंगठा यांना लटकलेला असतो. चेंडू सर्वांत खालच्या बिंदूला आला की बोटांना त्याचे वजन तर पेलायचे असतेच, शिवाय त्याला वर्तुळात फिरवत ठेवणारे अभिकेंद्री बलही पुरवायचे असते. हात मागे आडवा होईपर्यंत झुलवला असेल तर खाली येताना वेगाचा वर्ग होतो दोन गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले हाताची लांबी. त्यावरून अभिकेंद्री बल वजनाच्या दुप्पट येते. त्यात वजन मिळवा : तिप्पट!

सोळाच्या चेंडूचा बोटांवरचा ओढा त्या क्षणी जवळजवळ २२ किलो वजनाएवढा होतो. आठच्या चेंडूचा ११ किलो. सहाचा ८ किलो. हात निम्म्याच उंचीपर्यंत झुलवला तर ओढा वजनाच्या दुप्पट होतो. सातवीतल्या मुलाच्या तीन बोटांना २२ किलोची पाण्याची घागर क्षणभर तरी लटकवाल का? मांडणीवरून चेंडू उचलून 'हा मला झेपतो' म्हणणाऱ्या दांडग्या मुलाला हे सांगायला हवे. उचलताना लागणारे बल एक पट आहे. सोडताना ते दुप्पट-तिप्पट होणार आहे, आणि तेही मनगट सरळ राखून.

झेपत नसेल तर शरीर आपोआप एक उपाय करते. ते झोकाच आखडते. चेंडू मागे साठ सेंटिमीटर जाण्याऐवजी वीसच सेंटिमीटर जातो. एका मुलाची दोन रूपे कल्पू. पहिल्या खेपेला त्याने बाराचा चेंडू घेतला आणि आखडलेल्या झोक्याने सोडला : वेग सेकंदाला २ मीटर. दुसऱ्या खेपेला आठचा घेतला आणि पुरा झोका दिला : वेग ३.४ मीटर. बाराच्या चेंडूची गतिज ऊर्जा भरते ११ ज्यूल, आठच्याची २१ ज्यूल. पीन पहिल्या खेपेला ३.१ मीटर वेगाने उडते, दुसऱ्या खेपेला ४.७ मीटर. टकरीनंतर चेंडूकडे उरणारा वेगही आठच्याकडेच जास्त : १.३ मीटर, तर बाराच्याकडे १.१ मीटर. हलका चेंडू इथे सर्व बाजूंनी जिंकतो.

आणि एका धडधाकट माणसाचे उदाहरण. सोळाचा चेंडू तो ६ मीटर वेगाने सोडतो, आठचा ७ मीटर वेगाने. पिनेचा वेग दोन्ही वेळा जवळजवळ तोच, ९.८ आणि ९.७ मीटर. पण टकरीनंतर सोळाच्या चेंडूकडे ३.८ मीटर वेग उरतो, आठच्याकडे २.७. इथे जड चेंडू सरस. चेंडूचे गुण तेच आहेत. बदलला तो हात.

अजून नेमाचा विचार आपण केलेलाच नाही. एकच पीन उभी आहे. तिची जाडी १२ सेंटिमीटर, चेंडूचा व्यास २१.६. चेंडूचा मध्य पिनेच्या मध्यापासून कोणत्याही बाजूला १७ सेंटिमीटरच्या आत राहिला तरच तो पिनेला शिवेल. १८ मीटरवर १७ सेंटिमीटर म्हणजे किती कोन? अर्धा अंश! चेंडू सोडताना दिशेत अर्ध्या अंशाची चूक झाली की पीन उभी. घड्याळातला मिनिटकाटा पाच सेकंदांत जेवढा सरकतो तेवढा हा कोन. आखडलेले बोट, वळलेले मनगट, तोल जाऊन एका बाजूला झुकलेला खांदा, यांतले काहीही अर्धा अंश सहज खाऊन टाकते. वजनाचा सर्वांत मोठा परिणाम टकरीवर होत नाही, तो इथे होतो.

कितीचा चेंडू घ्यावा याचा एक ढोबळ नियम सांगतात : शरीराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका. चाळीस किलोच्या मुलीला चार किलो, म्हणजे आठचा किंवा नऊचा. सुरुवात करायला नियम ठीक आहे, पण तो बोटांबद्दल काही सांगत नाही. चेंडूच्या भोकांत मधले बोट आणि अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत जावीत आणि अंगठा पुरा आत जावा, तोही न अडकता आणि न घसरता. भोक सैल असेल तर माणूस चेंडू मुठीत आवळतो आणि दहा मिनिटांत मनगट भरून येते. मॉलमधल्या हलक्या चेंडूंना भोके लहान असतात, कारण ते मुलांसाठी आहेत असे धरलेले असते. त्यामुळे सांधे दुखणाऱ्या आजोबांना हलका चेंडू हवा असतो आणि त्यात त्यांचा अंगठाच जात नाही. ते मुकाट्याने चौदाचा घेतात आणि दुसऱ्या दिवशी खांदा शेकत बसतात. हलका चेंडू म्हणजे लहान मुलाचा चेंडू, हे समीकरण मुळात चुकीचे आहे.

उतरणीवरून सोडलेला चेंडू

चेंडू हाताने सोडता येत नाही अशांसाठी बोलिंगच्या जागी नळ्यांची एक घसरगुंडी ठेवलेली असते. अगदी लहान मुले आणि चाकाच्या खुर्चीवरून खेळणारे तिचा उपयोग करतात. चेंडू वर ठेवायचा, दिशा धरायची आणि नुसता सोडून द्यायचा.

आम्ही पाहिलेल्या एका सहलीत पाय अधू असलेल्या मुलाला असा चेंडू मांडून दिला होता तो सहाचा. भावना चांगली होती, पण हिशेब उलटा होता. उतरणीवरून गडगडणाऱ्या चेंडूचा वेग वस्तुमानावर अवलंबून नसतो. साठ सेंटिमीटर उंचीवरून न घसरता गडगडत आलेला भरीव गोल खाली सेकंदाला सुमारे २.९ मीटर वेगाने पोचतो, सहाचा असो वा सोळाचा. बोटांवर इथे काही ओढा नाही, मनगटाला श्रम नाहीत. हलक्या चेंडूच्या बाजूचे जेवढे मुद्दे आपण पाहिले, ते सारे इथे गळून पडतात आणि उरते ती फक्त टक्कर. तिथे जड चेंडूच सरस. त्या मुलाला सोळाचा चेंडू द्यायला हवा होता. वर उचलून ठेवायला दुसऱ्या कोणाचे तरी हात लागतील, एवढेच. पुढच्या फेरीत एका शिक्षिकेने चौदाचा चेंडू मांडून दिला. मधली पीन पडली तेव्हा झालेला ओरडा अजून आठवतो.

शाळेच्या पडवीत

हा सगळा प्रकार शाळेत करून पाहता येतो. दोन चेंडू घ्या : टेनिसचा आणि क्रिकेटचा सीझन बॉल. आकाराने ते जवळजवळ सारखे. टेनिसचा भरतो ५८ ग्रॅमच्या आसपास, सीझन बॉल १६० ग्रॅमच्या आसपास. हे गुणोत्तर सहा आणि सोळाच्या चेंडूंच्या गुणोत्तराशी जवळपास जुळते. पिनांऐवजी अर्ध्या लीटरच्या प्लॅस्टिकच्या दहा रिकाम्या बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत थोडे थोडे पाणी घालून किराणा दुकानातल्या काट्यावर ३५ ग्रॅम करून घ्या. आता पीन आणि चेंडू यांचे प्रमाणही बोलिंगसारखेच झाले. बाटल्या चार रांगांच्या त्रिकोणात मांडा : एक, दोन, तीन, चार. दीड मीटर लांबीची फळी एका टोकाला वीटभर उचलून उतरण करा. उतरण जिथे जमिनीला टेकते तिथे चेंडू उडतो, म्हणून खाली पुठ्ठा वाकवून ठेवावा.

प्रत्येक चेंडू त्याच जागेवरून वीस-वीस वेळा सोडा. किती बाटल्या पडल्या ते लिहाच, पण चेंडू बाटल्यांमधून कोणत्या बाजूने बाहेर पडला तेही खडूने आखून ठेवा. आमच्या मते दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. बाटली कधी कधी पडण्याऐवजी नुसती सरकते. ती पडली धरायची की नाही, हे मुलांनीच आधी ठरवावे आणि मग नियम बदलू नये.

एखादे चौकस पोर इथे हरकत घेईल : टेनिसचा चेंडू नुसता हलका नाही, तो पोकळही आहे. हरकत रास्त आहे. पोकळ गोलाची ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जास्त खर्च होते, म्हणून त्याच उतरणीवरून तो भरीव गोलापेक्षा सुमारे ८ टक्के हळू येतो. म्हणजे आपण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. मग काय करावे? टेनिसचा चेंडू थोड्या अधिक उंचीवरून सोडून दोघांचे वेग सारखे करून घ्यावेत. किती अधिक, हे मुलांना शोधू द्यावे. दोन्ही चेंडू शेजारी शेजारी सोडून, दोन मीटर सपाट जमीन कापायला किती वेळ लागतो ते मोजले की उत्तर जवळपास मिळते.

दुसऱ्या दिवशी उतरण काढून टाका आणि मुलांना हाताने सोडायला सांगा. इतक्या हलक्या चेंडूंत हाताला वजनाचा त्रास होत नाही, म्हणून सीझन बॉलच पुढे राहण्याची शक्यता अधिक. मग गोळाफेकीचा गोळा आणा. तो गडगडत सोडायला सांगितले की झोका आखडलेला सर्वांना दिसेल.

एकच गोळा

आणि गोळ्याचा विषय निघालाच आहे तर. अनेक शाळांत अजून एकच गोळा असतो. कधीतरी कोणीतरी आणलेला, बहुधा मोठ्यांचा. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळे तोच फेकतात. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्समध्ये १८ वर्षांखालच्या मुलींचा गोळा ३ किलोचा आणि मुलांचा ५ किलोचा असतो. २० वर्षांखालच्या मुलग्यांचा ६ किलोचा. महिलांचा ४ किलोचा. क्रिकेटमध्येही पुरुषांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा आणि १३ वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. हे आकडे कोणाची कीव करून ठरवलेले नाहीत. अंगाला झेपणाऱ्या वजनानेच तंत्र शिकता येते, म्हणून ते आहेत.

सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक मिळवले. त्यांच्या एफ-४६ गटातला पुरुषांचा गोळा ६ किलोचा असतो. ते पदक १.२६ किलोने कमी झाले असे कोणी म्हणेल काय?

हलका गोळा घेतला की अंतर त्या प्रमाणात वाढते, असेही नाही. न्यूझीलंडच्या जॅको गिलने २०११मध्ये ५ किलोचा गोळा २४.४५ मीटर फेकला आणि २०१३मध्ये ६ किलोचा २३ मीटर. दोन वर्षांत त्याची ताकदही वाढली होती, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरी वजन एक पंचमांशाने वाढून अंतर सहाच टक्क्यांनी घटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गोळा फेकताना माणूस फक्त गोळ्याला वेग देत नाही. आपल्या हाताला, खांद्याला, धडालाही देतो. गोळा कितीही हलका केला तरी तो खर्च टळत नाही. याच कारणाने फार हलका गोळाही घातक. तो मुले ढकलत नाहीत, चेंडूसारखा भिरकावतात, आणि कोपर दुखावून घेतात.

नवा गोळा घेणे प्रत्येक शाळेला शक्य नसते. पंधरा सेंटिमीटर व्यासाचा जाड रबरी चेंडू घेऊन त्यात कोरडी वाळू ठासून भरली तर तो २.८ किलोच्या जवळपास भरतो. तोंड सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने आणि सोल्यूशनने बंद करता येते. आकाराने तो खऱ्या गोळ्याहून मोठा होतो, म्हणून लहान पंजाच्या मुलांना जरा अवघड जातो. पण पायावर पडला तर लोखंडाइतका लागत नाही. थोडी वाळू कमी-जास्त करून असे दोन-तीन बनवावेत, दुकानातल्या काट्यावर तोलावेत आणि प्रत्येकावर रंगाने त्याचे वजन लिहून ठेवावे.